सापळ्यानं कीड बोलावली का?

पत्राचा सारांश : पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरची वीस गुंठे वांगी आहेत. शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीमुळे दर तोड्याला किडकं वांगं बाजूला काढावं लागत होतं, म्हणून प्रशिक्षणात पाहिलेले कामगंध सापळे, म्हणजे मादी पतंगाच्या वासानं नराला ओढून पकडणारे सापळे, त्यांनी आणून लावले. सापळ्यात पतंग भराभर पडू लागले, पण फळातली कीड फारशी हटली नाही. शेजारच्या रानातले चुलत दीर म्हणतात, ‘तुम्ही वास लावून कीड आमच्या बांधावर आणली.’ सासऱ्यांनाही तसंच वाटतं. सासूबाईंची काळजी निराळी आहे. ताईंचं बाळ पाच महिन्यांचं, अंगावर पिणारं. आणि दुकानदारानं ल्युअर, म्हणजे सापळ्यात ठेवायची वासाची रबरी गुंडी, देताना ‘हे किड्याचं हार्मोन’ असं सांगितलं. ते हाताळून दुधातून बाळाला काही बाधलं तर? उरलेली पाकिटं घरच्या फ्रीजमध्ये आहेत. बचत गटातल्या बायका मात्र ‘आपणही लावू या’ म्हणताहेत. ताई विचारतात : भावकीत वाकडेपणा नको म्हणून सापळे काढून टाकू का? आणि गटातल्या बायकांना काय सांगू?

ताई,

आधी बाळाचं बोलू. त्याची धास्ती मनात असताना तुमचं पुढच्या कशातच लक्ष लागणार नाही.

सासूबाईंनी शंका काढली ते बरंच झालं. घरात अंगावर पिणारं मूल असताना शेतीतल्या प्रत्येक पाकिटाकडे अशाच नजरेनं बघायला हवं. मात्र त्यांच्या शंकेच्या पोटात एक समजूत आहे, ती जरा तपासून पाहू. ती अशी की, हार्मोनसारखं रसायन ज्याच्या अंगाला लागेल त्याच्यावर त्याचा परिणाम होणारच.

याचं उत्तर तुम्ही रोज अनुभवताय. बाळ दुधाला लागलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन रक्तात उतरतं. रक्त अंगभर फिरतं, म्हणजे ते रसायनही अंगभर पोचतं. तरी आकसतात त्या स्तनातल्या दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी, आणि पान्हा फुटतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळ येत असेल, तीही याच ऑक्सिटोसिनमुळे. तेव्हा ते गर्भाशयाच्या स्नायूंनी ऐकलेलं असतं. पुष्कळदा नुसतं बाळाचं रडणं कानावर आलं तरी दूध झिरपायला लागतं. रसायन एकच, पण कुठं पान्हा, कुठं कळ, आणि बाकी असंख्य पेशी ढिम्म. रसायनाशी जुळणारं प्रथिन पेशीजवळ असावं लागतं. जीवशास्त्रात त्याला ग्राही म्हणतात. ग्राही नसेल तर संदेश शेजारून निघून जातो. सांगलीच्या एसटी स्टँडवर भर गर्दीत कुणी तुमच्या नावानं हाक मारली, तर आवाज शंभर जणांच्या कानी पडतो आणि वळून तुम्हीच बघता, तसं आहे हे.

आता ल्युअर. दुकानदारानं सांगितलेला शब्द अगदीच खोटा नाही, पण अपुरा आहे. हार्मोन शरीराच्या आत एका अवयवाकडून दुसऱ्याकडे जातं. फेरोमोन एका जिवाच्या अंगातून हवेत सुटतं आणि त्याच जातीच्या दुसऱ्या जिवाला कळतं. हा फरक दाखवणारं नाव पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर या दोघांनी १९५९ मध्ये सुचवलं. त्याच वर्षी जर्मनीच्या अडॉल्फ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या मादी पतंगाचा गंध शुद्ध रूपात ओळखून दाखवला. त्यासाठी पाच लाखांच्या आसपास माद्या लागल्या आणि जवळजवळ वीस वर्षं गेली. माणसाच्या लैंगिक हार्मोनवरच्या कामासाठी १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना जाहीर झालं, तेच हे बुटेनांट. माणसाच्या शरीरातला संदेश आणि पतंगाचा हवेतला संदेश या दोन्हींचा माग एकाच माणसानं काढला याचं मला फार अप्रूप आहे. एका पतंगाच्या अंगात हा गंध इतका थोडा असतो, तरी नराला तो पुरतो. कारण त्याच्या पिसासारख्या मिशांवर त्या एकाच रेणूची वाट बघणारे ग्राही दाटीवाटीनं बसलेले असतात.

तुमच्या रबरी गुंडीत वांग्यावरच्या पतंगाच्या मादीच्या गंधाची माणसानं बनवलेली नक्कल आहे. मुख्यतः सोळा कार्बनच्या सरळ साखळीचा एक अॅसिटेट, आणि सोबत त्याच ठेवणीचं थोडंसं अल्कोहोल. एका गुंडीत काही मिलिग्रॅमच असतं आणि ते आठवडेच्या आठवडे हळूहळू सुटत राहतं. या जातीच्या नराखेरीज तुमच्या शिवारात त्याचा अर्थ कुणाला लागत नाही. मधमाशीला नाही, ढालकिड्याला नाही, माणसाला नाही आणि बाळालाही नाही. सरळ साखळीच्या या पतंग-गंधांना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, एकरी वर्षाला १५० ग्रॅमच्या आतल्या वापरासाठी, अन्नावर रसायनाचा किती अंश उरलेला चालेल या मर्यादेच्या अटीतून सूट दिलेली आहे. तुमच्या दोन-चार गुंड्या त्याच्या आसपासही जात नाहीत.

तरीही पाकिटं फ्रीजमध्ये दुधाच्या भांड्याशेजारी ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, वर नाव लिहून, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवा. गुंडी लावताना हातमोजा घाला, काम झालं की साबणानं हात धुवा. हातमोजा सापळ्यासाठीही हवा. एका किडीची गुंडी हाताळून त्याच हातानं दुसऱ्या किडीची लावली की गंधांची सरमिसळ होते आणि पतंग फिरकत नाहीत. हा प्रमाणाचा कारभार किती काटेकोर असतो ते हरभऱ्यावरच्या घाटेअळीवरून कळेल. तिच्या मादीच्या गंधात अल्डिहाइड प्रकारची दोन रसायनं साधारण ९७ ला ३ अशा प्रमाणात असतात.

सासूबाईंना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. बाळासाठी जपायचं असेल ते फवारणीपासून. फवारलेल्या रानात औषधाच्या लेबलवर लिहिलेली मुदत होईपर्यंत तुम्ही जाऊ नका. फवारणाऱ्याचे कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर धुऊ नका. घरी आल्यावर हातपाय धुऊन, साडी बदलून मगच बाळाला घ्या. गुंडीच्या भीतीनं सापळे काढले आणि त्यांच्या जागी दर आठ दिवसांची फवारणी आली, तर बाळ धोक्याच्या जास्त जवळ जाईल.

आता भावकीतला आरोप. तो रागात केलेला असला तरी हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वास लावला तर कीड येणार, हा साधा तर्क आहे. प्रश्न इतकाच की, येतं कोण?

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या जाँ-आंरी फाब्र यांनी मोठ्या मोर-पतंगाची एक मादी तारेच्या जाळीखाली ठेवली. त्या रात्री चाळीसेक नर घरात शिरले. मादी काचेखाली हवाबंद ठेवली की ती डोळ्यांना दिसत असूनही कुणी येईना. म्हणजे बोलावणं वासाचं होतं, आणि आले ते सगळे नर. तुमच्या ल्युअरचंही तसंच आहे. त्याला भुलून येतो तो नर, आणि नर काही अंडी घालत नाही. अंडी घालणाऱ्या मादीला त्या गुंडीत येण्यासारखं काही नाही. ती येते वांग्याच्या झाडासाठी, आणि झाडं तुमच्याकडेही आहेत, दिरांकडेही. सापळ्यानं काही केलंच असेल तर त्यांच्या रानातले काही नर इकडे ओढून संपवलेत.

मग त्यांच्याकडे कीड वाढली, हे खोटं का? खोटं म्हणू नका. बहुतेक ठिकाणी सापळे लागतात तेच मुळी कीड चढणीला लागलेली असताना. तुम्हीही किडकं वांगं दिसू लागल्यावरच लावलेत ना? पतंग रात्री फिरतात, आणि दिवसा पानाखाली बसलेला इवलासा पांढुरका, तपकिरी-गुलाबी ठिपक्यांचा पतंग कुणाच्या लक्षात येत नाही. सापळ्यात तो रोज सकाळी डोळ्यांसमोर येऊ लागला. त्या रानांतून पतंग आधीही उडत होते, सापळ्यानं ते दिसू लागले. दिरांना बरोबर दिसलंय, त्याचं कारण तेवढं चुकीचं जोडलं गेलंय.

हे वाद घालून पटणार नाही, दाखवून पटेल. सासऱ्यांच्या हातानंच दोन सापळे लावा, एकात गुंडी आणि दुसरा नुसता. चार रात्रींनी त्यांनाच उघडायला सांगा. मग सापळ्याच्या अगदी जवळच्या दोन सऱ्या आणि लांबच्या दोन सऱ्या ठरवून घ्या, आणि दर तोड्याला दोन्हीकडे मान टाकलेले शेंडे व किडकी फळं मोजून वहीत लिहा. तीन आठवडे. सापळा कीड ओढत असेल तर जवळच्या सऱ्या जास्त खराब दिसायला हव्यात. एखाद्या दिवशी दिरांनाही मोजायला बोलवा. ज्यानं स्वतः मोजलंय त्याला आकडा नाकारता येत नाही. आणि तोवर सापळे सामाईक बांधापासून आत घ्या. शास्त्रासाठी त्याची गरज नाही, शेजारधर्मासाठी आहे.

एका बाबतीत सासऱ्यांची शंका रास्त ठरू शकते, आणि नारळवाल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. नारळावरचा गेंड्या भुंगा आणि लाल सोंड्या यांच्या सापळ्यांतला गंध नर-मादी दोघांनाही एकत्र बोलावणारा असतो. तो सापळा कोवळ्या झाडांच्या गर्दीत लावला तर आलेल्या भुंग्यांतले काही सापळा सोडून झाडावर जाऊ शकतात. तो बागेच्या कडेला, लहान झाडांपासून दूर लावतात. वांग्याच्या सापळ्याला ही भीती नाही.

आता तुमचा खरा सल. पतंग इतके सापडले तरी फळं किडकी का?

इथं तुमची स्वतःचीही एक समजूत तपासायला हवी. सापळा भरला की रान सुटलं, असं आपण धरून चालतो. पण एक नर एकाहून जास्त माद्यांना पुरतो. दहातले सात नर तुम्ही पकडले तरी उरलेले तिघे पुष्कळ माद्या फळवतील. शिवाय शेजारच्या रानात फळलेली मादी रात्री उडत येऊन तुमच्या पानाखाली अंडी घालते, आणि ती तर सापळ्याला भुलतच नाही. वीस गुंठ्यांच्या एकट्या तुकड्यात, चहूबाजूंनी वांगी असताना, सापळ्यांच्या जोरावर कीड संपवायची अपेक्षा धरली तर निराशाच पदरी येईल. मग चांगली वस्तू उगाच बदनाम होते, आणि तेच होताना मला जास्त दुःख होतं.

सापळ्याचा वीस गुंठ्यांत हमखास उपयोग आहे तो बातमीसाठी. दोन सापळे पुरेत. उंची झाडाच्या शेंड्याबरोबर ठेवा, आणि झाड वाढेल तसा सापळा वर घ्या. रोज शक्य नसेल तर तोड्याच्या दिवशी पतंग मोजून, टाकून द्या. पाण्याचा सापळा असेल तर पाण्यात थोडा धुण्याचा साबण घाला आणि पाणी आटू देऊ नका. पाकिटावरची मुदत संपली की गुंडी बदला. जुनी गुंडी रानात फेकू नका, नाहीतर ती तिथं पडून हाका मारत राहते आणि तुमचा आकडा बिघडतो. पतंगांची संख्या एकाएकी चढली की समजा, आठ-दहा दिवसांत शेंडे मान टाकायला लागतील. तेव्हा रानात फेरी वाढवायची.

त्या फेरीत करायचं काम साधं आणि कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्या उपायांत तेच थोरलं. सुकलेला शेंडा दिसला की अळीच्या खाली दोन बोटं जागा सोडून खुडायचा. किडकं फळ बांधावर टाकायचं नाही. शेंडे आणि फळं दोन्ही पिशवीत भरून खोल पुरायची. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते आणि भोक विष्ठेनं बुजवते. त्यानंतर वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. महागाचं औषध मारूनही किडकं वांगं निघतं ते यामुळे, दरवेळी औषध भेसळीचं असतं म्हणून नव्हे.

औषधानं आणखी एक नुकसान होतं. पानं कुरतडली गेली की झाडं हवेत विशिष्ट गंध सोडतात आणि परजीवी गांधीलमाश्या त्या गंधाच्या मागानं अळीपर्यंत पोचतात. मक्यावर हे १९९० मध्ये प्रयोगानं दाखवलं गेलं. विशेष हे की, नुसत्या कापलेल्या पानापेक्षा अळीची लाळ लागलेलं पान जास्त जोरानं बोलावतं. वांग्यावरच्या अळीलाही ट्राथाला नावाची एक बारीक गांधीलमाशी मारते. वारंवार सरसकट फवारणी झाली की ती आधी मरते, कारण अळी फळात लपलेली असते आणि ही उघड्यावर. गटाला सांगताना हे जरूर सांगा. फवारणी कमी करायचं कारण त्यामुळे कळतं.

सापळे काढायचे की ठेवायचे? तीन वाटा दिसतात. काढून टाकले तर घरात चार दिवस शांतता मिळेल, पण कीड कधी चढली ते पुन्हा किडकं फळ हातात आल्यावरच कळेल आणि फवारणीचा पंप दर आठवड्याला निघेल. सगळ्यांच्या मनाविरुद्ध रेटून ठेवले तर पुढचा एखादा वाईट तोडा तुमच्या माथी मारला जाईल. मी तिसरी वाट सुचवेन. सासऱ्यांना विचारून दोनच सापळे ठेवा, बांधापासून आत घ्या, आणि वही त्यांच्याकडे द्या. मोजायचं काम त्यांचं, शेंडे खुडायचं दोघांचं. ज्या माणसाला रानाची उभ्या जन्माची माहिती आहे, त्याच्या हातात मोजमाप दिलं की तो विरोधात उभा राहत नाही, असा माझा विश्वास आहे.

गटातल्या बायकांना मी होच म्हणेन, पण एका अटीवर. एकेकीनं सुटे सापळे आणू नयेत. लागून असलेल्या पाच-सहा रानांनी एकाच आठवड्यात लावावेत, आणि दिरांचं रान त्यात धरावं. नर पकडून कीड दाबायची तर सलग क्षेत्र लागतं आणि सापळेही बातमीच्या सापळ्यांपेक्षा कितीतरी दाट लागतात. एकरी किती, ते आपल्या तालुका कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून ठरवा. साताऱ्याकडच्या वाचकांना बोरगाव आणि कालवडे इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत. ल्युअर घेताना किडीचं नाव सांगून घ्या, नुसतं ‘कामगंध द्या’ म्हणू नका. वांग्याची वेगळी, घाटेअळीची वेगळी, तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीची वेगळी. टोमॅटोवरची नागअळी भारतात पहिल्यांदा नोंदली गेली २०१४ मध्ये, तिचीही वेगळी. काकडी-दोडक्यावरच्या आणि आंब्यावरच्या फळमाशीच्या सापळ्यात बहुतेकदा कीटकनाशकही घातलेलं असतं. ते मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही. मी वर गुंडीबद्दल दिलेला दिलासा त्या सापळ्यांना लागू नाही.

आणि दिरांशी बोलायला विषय हवा असेल तर सापळ्याऐवजी सरपणापासून सुरुवात करा. पीक संपल्यावर उपटलेली वांग्याची झाडं आपण बांधावर किंवा परड्यात रचून ठेवतो, चुलीला होतात म्हणून. या किडीचे कोष त्या वाळक्या काड्यांवर आणि पाचोळ्यात चिकटलेले असतात, आणि पतंग तिथूनच उडून नव्या लागणीवर जातात. बांगलादेश, भारत आणि श्रीलंकेत या किडीवर जे एकत्रित काम झालं, त्यात गंधसापळे आणि शेंडे खुडणं यांच्या जोडीला ही जुनी झाडं नाहीशी करणं हा ठळक भाग होता. तुमच्या दोघांच्या बांधावर असा ढीग असेल तर नवीन रोप लावायच्या आधी दोघांनी मिळून तो हलवा. लगेच जळणाला वापरून संपवा, नाहीतर कुजवायच्या खड्ड्यात घालून वर मातीचा जाड थर द्या. पुढची लागण शक्य असेल तर यंदाच्या वांग्यापासून लांबच्या तुकड्यात, आणि दोघांनी एकाच पंधरवड्यात करा.